मुका सोबती आणि उन्हाची वाट

एकटा मनुष्य कुत्रा बरोबर घेऊन दूरच्या प्रवासास निघाला, तर त्यास एकटा म्हणावें कीं नाहीं? प्रश्न वरकरणी पोरकट वाटेल. परंतु ज्या प्रवासवर्णनांत असा सोबती येतो त्याची पारख करूं लागलें कीं हाच प्रश्न प्रथम पुढें उभा राहतो. मनुष्य सोबती असला तर तो वाद घालतो, कंटाळतो, प्रसंगीं 'आतां पुरे' म्हणून वाटेंत बसकण मारतो. कुत्र्यास ह्यांतलें फारसें कांहीं करतां येत नाहीं. मुक्कामाचें गांव त्यास ठाऊक नसतें, निघण्याची वेळ त्यानें ठरविलेली नसते. धनी जात आहे, एवढें कारण त्यास पुरतें. विचार सगळा एकानें करावयाचा व फळ दोघांनीं भोगावयाचें, अशी ही विषम भागीदारी आहे.

उन्हाळ्यांत ही विषमता जिवावर बेतते. मनुष्याच्या सर्वांगास घाम येतो व तो वाळतांना अंग निवतें. कुत्र्यास तशा घामाचा आधार जवळजवळ नाहीं. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, आणि त्या वाटेनें अंगांतील उष्णता बाहेर पडते. हवा जितकी दमट, तितका हा उपाय लंगडा. डांबरी रस्ता हवेहून कितीतरी अधिक तापतो, आणि वहाणा असतात त्या धन्याच्या पायांत. उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत तर थोड्याच मिनिटांत जीव घाबरा होतो. म्हणून कडक उन्हांत कुत्र्यासह केलेल्या प्रवासाचें वर्णन हें, लेखकाची इच्छा असो वा नसो, त्याच्या स्वतःच्या वर्तनाची साक्ष होऊन बसतें. ह्या प्रकारच्या वाङ्मयाची कसोटी हीच, असें आमचें म्हणणें आहे.

ही कसोटी लावून पाहण्यास महाडहून नाते गांवावरून रायगडाकडे जाणारी वाट फार सोयीची आहे. कोंकणचें ऊन सौम्य, ही समजूत सह्याद्रीच्या पायथ्याच्या ह्या मुलखास लागू पडत नाहीं. ह्याच जिल्ह्यांतील भिरा येथें 28 मार्च 2017 रोजीं 46.5 अंश उष्णतामान नोंदल्याचें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें होतें. वाटेच्या शेवटीं, गडावर, शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचें स्मारक आहे. तें 1936 सालीं उभारलें गेलें. महाराजांच्या चितेंत ह्या कुत्र्यानें उडी घेतली अशी कथा सांगतात, आणि राम गणेश गडकरी यांच्या 'राजसंन्यास' ह्या अपुऱ्या राहिलेल्या नाटकाशीं तिचा संबंध जोडला जातो. तिला समकालीन कागदांचा आधार नाहीं, ह्या मुद्यावरून 2012 सालीं पुतळा हलविला गेला व पुन्हां बसविला गेला. 2025 सालीं तो वाद नव्यानें उठला.

इतिहासाचा निवाडा इतिहासकारांनीं करावा. आमचा आक्षेप निराळा आहे. ही कथा खरी धरली तरी ती जें मागते तें सर्व कुत्र्याकडून मागते. धनी निवर्तला आहे. त्यास कांहीं ठरवावयाचें उरलेलें नाहीं. ऐकणारा डोळे पुसतो आणि जसा होता तसाच घरीं परततो. स्वामिनिष्ठेच्या बहुतेक कथांचें असेंच आहे. मुक्या प्राण्याची निष्ठा गाण्यास आपला एक पैसाही खर्चावा लागत नाहीं, हेंच त्यांच्या लोकप्रियतेचें एक कारण असावें!

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत नेमकी उलट मांडणी आहे. पांडव हिमालयाची वाट धरतात तेव्हां एक कुत्रा मागें लागतो. द्रौपदी पडते, चारही भाऊ एकामागून एक पडतात. उरतात युधिष्ठिर आणि तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो, पण कुत्र्यास स्वर्गांत जागा नाहीं असें बजावतो. येथें परीक्षा कुत्र्याची नसून राजाची आहे. भक्तानें विश्वासानें साथ केली, त्यास आपल्या सुखासाठीं टाकणार नाहीं, असें म्हणून तो रथ नाकारतो. पुढें तो कुत्रा म्हणजे साक्षात् धर्म, असा उलगडा होतो. आम्हांस तो उलगडा नसता तरी चालतें. युधिष्ठिरानें स्वर्ग नाकारला तो एका साध्या कुत्र्यासाठीं. तो कोण आहे हें त्यास त्या क्षणीं ठाऊक नव्हतें, आणि सारें मोल त्या न ठाऊक असण्यांत आहे.

आधुनिक वाङ्मयांत ह्या प्रकारचें विख्यात पुस्तक म्हणजे अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक याचें 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली'. वयाच्या 58 व्या वर्षीं, 1960 च्या शरदांत, चार्ली नांवाचा पूडल जातीचा कुत्रा घेऊन तो मोटारीनें देश पाहण्यास निघाला. पुस्तक 1962 सालीं आलें. पुढें एका पत्रकारानें त्याचा मार्ग तपासून, वाटेंत भेटलेल्या माणसांचीं संभाषणें व एकांतांतील मुक्काम यांविषयीं गंभीर शंका घेतल्या, आणि पुस्तक अक्षरशः खरें मानूं नये हें आतां बहुतेकांनीं मान्य केलें आहे. असें असूनही तें हातून सुटत नाहीं, ह्याचें श्रेय आम्ही चार्लीस देतों. अमेरिकेविषयींचे सिद्धांत मांडतांना लेखक व्याख्यान देऊं लागतो. परंतु चार्ली दुखणाईत पडला, कीं त्याची भाषा ताळ्यावर येते. मोहावेच्या वाळवंटांतील प्रसंग पाहा. चार्लीची धांप लागून जीभ लोंबूं लागते, तेव्हां स्टाइनबेक मोटार रस्त्याबाहेर घेतो आणि पाणी पाजण्यापूर्वीं त्यास नखशिखांत भिजवितो. मग दूरवर दोन रानटी कोल्हे दिसतात. बंदूक रोखलेली असूनही तो चाप ओढीत नाहीं. उलट कुत्र्याच्या खाण्याचे दोन डबे फोडून त्यांच्यासाठीं ठेवून जातो. एका मुक्या सोबत्याची काळजी वाहतां वाहतां हात परक्या प्राण्यापर्यंत पोंचला, हें ह्या पानांत न सांगतां दिसतें.

आपल्याकडे हा भाव नवा नाहीं. काशीहून रामेश्वरासाठीं आणलेलें कावडींतलें गंगाजल एकनाथांनीं तहानेनें तडफडणाऱ्या गाढवास पाजलें, ही आख्यायिका घरोघरीं सांगितली जाते. तापलेल्या वाळवंटांत रडणारें अस्पृश्याचें मूल त्यांनीं उचलून घेतलें, ही दुसरी कथाही त्यांचीच. ह्या दोन कथा वेगळ्या काढूं नयेत, असें आम्ही आग्रहानें सांगतों. कारण ह्याच वाटेच्या आरंभीं महाडचें चवदार तळें आहे. त्या पाण्यावर गुराढोरांस मज्जाव नव्हता. अस्पृश्य मानलेल्या माणसांस होता. 20 मार्च 1927 रोजीं डॉ. आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांसह तेथें ओंजळभर पाणी घेतलें, तेव्हां कोठें त्या लाजेस वाचा फुटली. जनावरावरची दया मनुष्यावरील निर्दयतेशेजारीं सुखानें नांदूं शकते, हें तळें त्याची साक्ष आहे. कुत्र्याचे लाड वर्णिणाऱ्या लेखकास म्हणूनच एक प्रश्न विचारावा: तुझ्या वाटेवर आणखी कोण तहानेला होता, आणि तो तुला दिसला काय?

नाते हें चिंतामणराव देशमुखांचें जन्मगांव. अर्थशास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या ह्या गृहस्थांनीं 'मेघदूता'चें मराठी रूपांतर केलें आहे. त्या काव्याची एक बाजू विरहाच्या वर्णनांत झांकून जाते. यक्ष स्वतः व्याकुळ आहे. तरी मेघास वाट सांगतांना, थकलास कीं डोंगरावर टेक, क्षीण झालास कीं नदीचें पाणी पी, असें तो बजावतो. काम आपलें, शीण दुसऱ्याचा, हें त्यास विसरतां येत नाहीं. आज मोटारी घराघरांत आल्या आहेत, कुत्रेंही पुढल्या आसनावर बसूं लागलें आहे. अशा प्रवासाचीं मराठी पुस्तकें पुढेंमागें निघतीलच. त्यांत घाटांचीं व सूर्यास्तांचीं वर्णनें थोडीं कमी असलीं तरी चालतील. दुपारीं बारा वाजतां लेखक कोठें थांबला, कोणासाठीं थांबला, आणि पाणी प्रथम कोणास दिलें, एवढें त्यांत प्रामाणिकपणें लिहिलेलें असावें.