कॉन्स्टंटाईनचे दानपत्र आणि एक व्याकरणकार

सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकत असताना लॉरेन्झो वाल्ला हे नाव आम्हांला जेमतेम एका ओळीत भेटले होते. परीक्षेपुरते ते लक्षात राहिले आणि मागे पडले. पुढे धर्मग्रामात काम करू लागल्यावर, प्रवचनात एखाद्या संताची सुंदर आख्यायिका सांगून झाली की एखादा तरुण हळूच विचारी, ‘फादर, हे खरोखर घडले होते का?’ त्या प्रश्नाने माझी जी तारांबळ उडे, तिनेच मला पुन्हा वाल्लाकडे नेले. त्याचा १४४० सालचा दानपत्रावरील प्रबंध आपण प्रोटेस्टंट मंडळींच्या हातातील शस्त्र म्हणूनच ओळखतो. साहित्यकृती म्हणून तो वाचला, तर त्यात निराळेच काही हाती लागते.

दानपत्राची कथा थोडक्यात अशी. सम्राट कॉन्स्टंटाईनला महारोग झाला. पोप सिल्व्हेस्टर यांनी त्याला बाप्तिस्मा देऊन बरे केले. कृतज्ञ सम्राटाने लॅटरन प्रासाद, रोम आणि साम्राज्याचा पश्चिम भाग पोपला अर्पण केला व स्वतः पूर्वेकडे प्रयाण केले. वस्तुतः कॉन्स्टंटाईनचा बाप्तिस्मा ३३७ साली, मृत्यूच्या उंबरठ्यावर, निकोमेडियाच्या बिशप युसेबियस यांच्या हातून झाला. दानपत्र आठव्या शतकातले. तरीही मध्ययुगात ते धर्मसभेच्या कायद्याच्या संग्रहांत शिरले आणि त्याच्या आधारे हक्क सांगितले गेले. दान्तेसारख्या महाकवीने या दानाबद्दल हळहळ व्यक्त केली, पण ते दिलेच गेले नव्हते, अशी शंका त्यालाही आली नाही.

वाल्लाची रचना दोन अंगांची आहे. पूर्वार्धात तो वक्त्याची भूमिका घेतो. सम्राटाचे पुत्र, रोमचे सिनेट आणि खुद्द सिल्व्हेस्टर यांच्या तोंडी तो भाषणे घालतो. नामान कुष्ठरोगातून बरा झाला तेव्हा त्याने अलीशाला भेटी देऊ केल्या, अर्धे राज्य नव्हे, हा त्याचा युक्तिवाद मार्मिक आहे. सिल्व्हेस्टर यांचे भाषण तर प्रबंधाचे हृदयच म्हणावे लागेल. येथे पोप दान नाकारतात. राज्य हाती आले तर तलवारही हाती घ्यावी लागेल, आणि मग मेंढपाळाचे काम कोण करील, हा त्या नकाराचा गाभा. जो लेखक पोपच्या सत्तेवर प्रहार करतो, त्यानेच पोपपदाचे इतके उदात्त चित्र रेखाटावे, ही गोष्ट त्याच्या निंदकांच्या आणि भक्तांच्याही नजरेतून निसटली आहे.

उत्तरार्धात वक्ता बाजूला सरतो आणि व्याकरणकार पुढे येतो. दस्तऐवजात ‘सत्रप’ सम्राटाच्या सल्लामसलतीत बसले आहेत; वाल्ला विचारतो, रोमन दरबारात हे कोठून आले? कॉन्स्टँटिनोपलचा उल्लेख धर्मपीठ म्हणून येतो. त्या वेळी ते नगर उभेही नव्हते, त्याचे उद्घाटन ३३० साली झाले. राजमुकुट सोन्याचा म्हटला आहे, तर त्या काळचा ‘डायाडेम’ म्हणजे वस्त्राची पट्टी. लॅटिन तर इतकी गावंढळ की चौथ्या शतकातील राजकचेरीने ती लिहिलीच नसती. आपल्याकडे बनावट ताम्रपट ओळखताना संशोधक लिपी आणि भाषा तपासतात; तीच ही कसोटी. भाषेला वय असते आणि शब्द आपल्या जन्मकाळाची साक्ष देतात, हे तत्त्व वाल्लाने इतक्या ठसठशीतपणे राबवले, हे त्याचे खरे श्रेय. कुसाचा निकोलस यानेही १४३३ साली दानपत्रावर संशय घेतला होता. परंतु शब्दाशब्दाची अशी झडती त्याने घेतली नव्हती.

दोषही झाकता येणार नाहीत. वाल्ला तेव्हा आरागॉनचा राजा आल्फोन्सो याच्या सेवेत होता आणि नेपल्सच्या राज्यावरून राजाचे पोप चौथे युजिन यांच्याशी वैर होते. सत्य त्याने शोधले खरे, पण ते धन्याच्या भात्यातील बाण म्हणून. जिथे एक पुरावा पुरेसा आहे तिथे तो दहा शिव्या मोजतो. बनावट लेखकाला मूर्ख, गाढव म्हणताना त्याची लेखणी थकत नाही. ज्ञानाला राग चढला की ज्ञानाचीच धार बोथट होते.

पुढील इतिहास विलक्षण आहे. १४४४ साली नेपल्समध्ये इन्क्विझिशनने त्याची चौकशी केली. राजाने त्याला वाचवले. पण १४४८ साली पोप पाचवे निकोलस यांनी त्याच वाल्लाला आपल्या सचिवालयात घेतले. १४५७ साली तो वारला, तेव्हा तो लॅटरन महामंदिराचा कॅनन होता आणि तेथेच त्याचे दफन झाले. त्यानंतर मात्र त्याच्या प्रबंधाचे दोन वाचक झाले. उलरिख फॉन हुटेनने तो छापला आणि १५२० साली मार्टिन ल्यूथरने वाचला. पोपपदाविषयीचा त्याचा संशय त्यामुळे बळावला. नेमक्या त्याच वर्षी व्हॅटिकनमधील कॉन्स्टंटाईन सभागृहाच्या भिंतीवर रफाएलच्या शिष्यांनी चित्रमाला सुरू केली, आणि १५२४पर्यंत त्यांत ते दानही रंगवले. एका बाजूला खोटेपणा छापून निघत होता, दुसऱ्या बाजूला तोच भिंतीवर सोनेरी होत होता. १५५९ साली प्रबंध निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला. पण त्याच शतकाच्या अखेरीस कार्डिनल बारोनियस यांनी आपल्या धर्मेतिहासात दानपत्र बनावट असल्याचे मान्य केले.

ही दीडशे वर्षे मला अस्वस्थ करतात. सत्य घरातल्या माणसाने सांगितले होते. ते घरात ऐकले गेले असते तर वैऱ्याच्या मुखातून ऐकण्याची पाळी आली नसती. आणि त्या बनावट कागदाची गरज तरी काय होती? लॅटरनची जागा कॉन्स्टंटाईनने ख्रिस्तसभेला खरोखरच दिली होती. खऱ्या दानाला खोट्या साक्षीचा टेकू लागत नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८८१ साली व्हॅटिकनचे दप्तरखाने अभ्यासकांना खुले केले, तेव्हा वाल्लाच्या त्या थडग्याला उशिरा का होईना, उत्तर मिळाले असे म्हणावेसे वाटते.

आता तो तरुण विचारतो तेव्हा मी सांगतो, ‘ही आख्यायिका आहे, आणि हा भाग इतिहास आहे.’ आजवर त्यामुळे कुणी मंदिराची पायरी चढायचे थांबलेले मी पाहिले नाही.