बाभळीचं नाव कुणी बदललं?

आजचा विषय आहे सपुष्प वनस्पतींचं वर्गीकरण आणि जनुकीय पुरावा. आम्ही वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी आहोत. त्यामुळे डीएनए कसा वाचतात हे आम्ही सांगणार नाही. वाचून झाल्यावर त्यातून जे निष्कर्ष काढले जातात, ते मात्र तपासणार आहोत.

उदाहरण आपल्या बांधावरचंच घेऊ. बाभूळ, हिवर, खैर, शिकेकाई. आमच्या पिढीला ही सगळी 'अकेशिया' या एकाच प्रजातीत, म्हणजे जीनसमध्ये, शिकवली गेली. हे प्रजातिनाम फिलिप मिलर यांनी १७५४ साली वापरलं, आणि त्याचा आधार-नमुना पुढे मानला गेला तो नाईलकाठच्या बाभळीचा. आपली बाभूळ त्याच जातीची.

पुढे हरितलवकातल्या डीएनएची तुलना झाली, तेव्हा हे तेराशेहून अधिक जातींचं कुटुंब एकसंध नाही असं दिसलं. ऑस्ट्रेलियातल्या हजारेक जाती बाभळीपेक्षा शिरीष, विलायती चिंच यांच्या गटाला जवळच्या निघाल्या. हा पुरावा भक्कम आहे. पानं-शेंगा बघून हे इतकं नेमकं कळलं नसतं. इथपर्यंत आमची काहीच तक्रार नाही.

तक्रार पुढच्या पायरीवर आहे. 'डीएनएने अकेशिया फोडली' असं सर्रास म्हटलं जातं. खरंच डीएनएने फोडली का? एका पूर्वजाची सगळी संतती आणि फक्त तीच संतती म्हणजे एक गट, हा नियम माणसांनी स्वीकारलेला आहे. नियम चांगलाच आहे, पण तो डीएनएत लिहिलेला नाही. आणि तो पाळायचा म्हटलं तरी वाट एकच नव्हती. शिरिषासारखे मध्ये येणारे इतर गटही आत घेऊन एक अवाढव्य प्रजाती करता आली असती. गैरसोयीची झाली असती, पण नियमात बसली असती.

आता बघा, फोडल्यावर जुनं नाव कुणाकडे जाणार? रिवाजाने ते आधार-नमुन्याकडे, म्हणजे बाभळीकडे राहायला हवं होतं. पण हजारेक ऑस्ट्रेलियन जातींची नावं बदलावी लागू नयेत म्हणून आधार-नमुनाच बदलण्याचा प्रस्ताव आला. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत त्याच्या विरोधात जवळपास ५५ टक्के मतं पडली. तरी प्रस्ताव टिकला, कारण समितीची शिफारस उलटवायला ६० टक्के मतं लागत होती. २०११ साली मेलबर्नमध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. बाभूळ झाली व्हॅचेलिया निलोटिका, खैर झाला सेनेगालिया कॅटेचू. आणि सामाजिक वनीकरणात आपल्याकडे लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अस्सल अकेशिया ठरली!

सोयीसाठी घेतलेला निर्णय वाईटच असतो असं आम्ही म्हणत नाही. हजार नावं बदलणं खरोखरच त्रासाचं आहे. पण सोय हे सोयीचं कारण आहे, पुराव्याचं नव्हे. आपल्या नैयायिकांनी जाति आणि उपाधि असा भेद केला होता. इथली 'जाति' वनस्पतिशास्त्रातली नव्हे बरं का! एकासारख्या वाटणाऱ्या वस्तूंमध्ये खरंच एक सामान्य तत्त्व आहे, की ते आपण वरून लावलं आहे, हा त्यांचा प्रश्न होता. तोच इथे विचारला पाहिजे. नातं डीएनएने दाखवलं. सीमा, पायरी आणि नाव आपण दिलं.

हा भेद पुसला की काय होतं? ज्या निर्णयाला आफ्रिकेतल्या किंवा भारतातल्या अभ्यासकाने हरकत घ्यायला हवी, तो 'विज्ञानाने सिद्ध झालेला' म्हणून त्याच्यापुढे येतो. तथ्याशी वाद घालता येत नाही, मतदानाशी घालता येतो. म्हणून आमची मागणी एवढीच आहे: पाठ्यपुस्तकात नवं नाव जरूर छापा, पण शेजारी हेही लिहा की यातलं किती प्रयोगशाळेत कळलं आणि किती सभागृहात ठरलं.