निळ्या पाटीवर नसलेलं

पुरातत्त्व खात्याची पाटी निळी असते. रंग आपला, भाषा सरकारी. कवितेची समीक्षा करणाऱ्या आपण पोरांनी एकदा या पाटीचीही करावी.

पाटी सांगते काय? १९५८ चा कायदा, राष्ट्रीय महत्त्व, अन् शिक्षा. आधी तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड होता. २०१० च्या दुरुस्तीनं तो दोन वर्षं किंवा एक लाखापर्यंत गेला. शंभर मीटरात नवं बांधकाम बंद, त्यापुढं दोनशे मीटर परवानगी लागते. याला नाकं मुरडू नयेत. हा धाक नसता तर कैक डोंगर खडीला गेले असते.

पण पाटी दम देते, ओळख देत नाही. राजपुरी खाडीवरची कुड्याची लेणी घ्या. तिथं ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं आहेत. महाभोजाचा लेखक आहे, ब्राह्मण उपासकाची बायको आहे, भिक्खुणी आहे. आणि मुगुदास माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. माळ्याचं नाव दरबारातल्या लेखकाच्याच डोंगरात कोरलंय. बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजींनी हे लेख १८८१ सालीच इंग्रजीत छापले. मग शिक्षेच्या कलमाआधी मुगुदासाचं नाव मराठीत का नको? नाव पुसलं की लेणी पांडवांची व्हायला वेळ लागत नाही. नाशिकला खात्याच्या यादीतच 'पांडवलेणी' आहे!

आता महाड. कायद्याला वस्तू शंभर वर्षं जुनी लागते. त्यात इमारत बसते, गुहा बसते, शिलालेख बसतो. चवदार तळ्याचे दगड जुनेच आहेत. पण बाबासाहेबांनी ओंजळ भरली २० मार्च १९२७ ला. त्या ओंजळीला २०२७ साली शंभर भरतात. ती कुठल्या कलमात बसवणार? कायदा दगड मोजतो, दगडापाशी माणूस झालेल्यांना मोजत नाही. हा त्याचा खरा दोष.

दोष आपलाही आहे. जयंतीला लेण्यावर जाऊन भिंतीवर स्वतःचं नाव खरडणारा आपलाच भाऊ असतो. दोन हजार वर्षांच्या नावावर आपलं नाव घासायचं, अन् वारसा म्हणून भाषण ठोकायचं?

तर मित्रांनो, ब्राह्मी शिका, अवघड नाही. कुड्याला जा, मुगुदासाचं नाव मोठ्यानं वाचा, वहीत उतरवा. मग खात्याला अर्ज करा : ही नावं मराठीत पाटीवर लिहा. दगड तुम्ही राखा, नावं आम्ही राखतो.