बागेचा पडदा

गुरुवारी अक्कलकोटात वटवृक्ष मंदिरातलं दर्शन आणि अन्नछत्रातला प्रसाद झाला की मंडळी पोरांना घेऊन बागेकडे वळतात. मूल कारंज्यापुढे उभं केलं जातं, कपाळावरचा गंध सारखा केला जातो, मोबाइल वर होतो. 'इकडे बघ!' मूल मात्र कारंज्याकडेच बघत असतं. ते वळेपर्यंत फोटो काही निघत नाही.

आपल्या छायाचित्रणात बाग आली तीच मुळी पडदा म्हणून. गावोगावच्या स्टुडिओत कापडावर रंगवलेली बाग असायची: जिना, कठडा, तळं, तळ्यात हंस. पाण्याची कायम ओढाताण असलेल्या सोलापूर जिल्ह्यात खऱ्या हिरवळीच्या आधी ही कापडावरचीच परवडली. तिच्यापुढे हलव्याचे दागिने घालून, तीट लावून बोरन्हाणाचं बाळ बसायचं. त्या फोटोंना मी नावं ठेवणार नाही. पडदा खोटा होता, पण खाली शहाबादी फरशी उघड दिसायची. लपवाछपवी नव्हती.

खरी बाग घरच्या आल्बममध्ये शिरली ती अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यांमुळे. बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनणारा हा स्वस्त डबा; एका रोलमध्ये 12 चौकोनी फोटो. फोकस जुळवायची सोयच नाही, त्यामुळे काही पावलांपलीकडचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट. मुंबईत 1952 साली झालेल्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट कितीतरी मराठी आल्बमांत आहे. त्या फोटोत आपलं पोर पुढे असतं, बुटाच्या खिडकीत दुसऱ्याचंच कुणी डोकावत असतं, कडेला आत्याची कापडी पिशवी अर्धी कापली गेलेली. आल्बम उघडला की घरात वाद होतात ते याच कडेच्या गोष्टींवरून. ती पिशवी कुणाची, मागे उभे ते तात्याच का?

मोबाइलनं नेमकं हेच काढून घेतलं. 2016 च्या सुमारास आलेला पोर्ट्रेट मोड चेहरा लख्ख ठेवतो आणि मागचं सगळं धूसर करतो. बाग अक्कलकोटची की पुण्याची, कळायला मार्ग नाही. टोपलीत बाळ, भोवती कापडी फुलं असे हल्लीचे 'बेबी शूट' म्हणजे पुन्हा तो स्टुडिओचा पडदाच, फक्त महागडा. आणि फरशीही न दाखवणारा.

युजीन स्मिथ या अमेरिकन छायाचित्रकाराचा 1946 चा फोटो इथे आठवतो. 1945 मध्ये ओकिनावाच्या लढाईत तो जबर जखमी झाला. दीर्घ उपचारांनंतर पुन्हा कॅमेरा हाती घेतला तेव्हा त्यानं टिपली ती स्वतःची दोन मुलं, झाडांच्या अंधारातून उजेडाकडे निघालेली, पाठमोरी. न्यूयॉर्कच्या 1955 च्या 'द फॅमिली ऑफ मॅन' प्रदर्शनाचा शेवट याच फोटोनं झाला. फोटो जरा गोडच आहे, हे खरं. पण स्मिथनं मुलांना हाक मारून वळवलं नाही.

धंदेवाईक फोटोग्राफरला दोष देण्यात अर्थ नाही. पाठमोऱ्या मुलाचे पैसे कुठलं गिऱ्हाईक देईल? असे फोटो घरच्यांच्याच हातून निघतात, बहुधा चुकून. आणि 'हलला' म्हणत एसटी स्टँड सोडायच्या आत पुसलेही जातात.