पुस्तक ऐकताना : आवाज कुणाचा?

छापील पुस्तक आपल्या वस्तीत पोचण्याआधी जलसा पोचला होता. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) गावोगावी गाऊन जो विचार नेला, तो आपल्या निरक्षर आयांनी कानांनीच वाचला. म्हणून २०१७ साली स्टोरीटेलने मोबाइलवर मराठी पुस्तके ऐकवायला सुरुवात केली, तेव्हा ऐकण्याचे साहित्य आपल्याला नवे नव्हते. प्रश्न एवढाच, की आवाज कुणाचा?

मोठ्यांनी आधी दोन पुस्तके कानांनी पारखावीत. दया पवार आणि दगडू मारुती पवार या एकाच माणसाच्या दोन रूपांतला संवाद, हीच 'बलुतं'ची (१९७८) घडण. ती एकाच गुळगुळीत सुरात वाचली की तिच्यातला ताण मरतो. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मधली 'आम्ही' ही महारवाड्यातल्या बायांची सामुदायिक वाणी आहे. तिच्यावर प्रमाण उच्चार चढविणे म्हणजे तिला पुन्हा मुकी करणे. वाचणारा कोणत्या जातीचा, हा मुद्दा नाही. ती बोली त्याने कान देऊन ऐकली आहे काय, हा आहे.

तरुण श्रोत्यांसाठी 'फकिरा' (१९५९). अण्णा भाऊ साठे शाहीर होते. त्यांचे गद्यही मोठ्याने वाचावे असेच आहे. १९६९ साली ते गेले. प्रताधिकार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे चालतो. म्हणजे २०३० च्या आरंभी हे साहित्य सर्वांना खुले होईल. त्या दिवशी ते कुणाच्या कंठातून ऐकू येणार? नागसेनवनातल्या विद्यार्थ्यांनी आजपासूनच मोठ्याने वाचायला बसावे.