डागाचे कोंदण : सुझन कॉलिस यांच्या शिल्पातील आभास

कलेतील आभासाची चर्चा करताना प्लिनीने नोंदविलेली झ्यूक्सिस व पऱ्हेसिअस या ग्रीक चित्रकारांची कथा सहसा आधारास घेतली जाते. एकाने रंगविलेल्या द्राक्षांवर पक्ष्यांनी चोच मारली. दुसऱ्याने रंगविलेला पडदा बाजूस सारावा, असे खुद्द पहिला चित्रकारच म्हणाला. दोन्ही प्रसंगी आभासाची कसोटी एकच आहे : जे नाही ते आहे असे वाटले पाहिजे. मुलामा देणाऱ्या कारागिराचेही उद्दिष्ट याहून निराळे नसते. हलक्या धातूला तो सोन्याची कांती देतो. ब्रिटिश शिल्पकार सुझन कॉलिस (जन्म १९५६) यांनी आभासाची ही दिशा उलट फिरविली आहे. त्यांच्या कृतींत मौल्यवान द्रव्य कवडीमोल भासते, आणि तसे ते भासावे यासाठीच सारी कारागिरी खर्ची पडलेली असते.

‘द ऑयस्टर्स अवर वर्ल्ड’ (२००४) ही कृती प्रथमदर्शनी रंगाऱ्याची वापरून जुनी झालेली लाकडी शिडी आहे. तिच्यावर पांढरट रंगाचे शिंतोडे उडालेले दिसतात. जवळ जाऊन पाहिले असता कळते की ते शिंतोडे शिंपला, पोवळे, मोती, ओपल आणि हिरा यांचे जडावकाम आहे. ‘वॉल्ट्झर’ (२००७) या कृतीत एका साध्या लांब दांड्याच्या झाडूवरील डाग ओपल, पिरोजा, गार्नेट, मोती व काळे हिरे यांचे आहेत. रंगाचा थेंब क्षणात पडतो आणि कोठे पडावा हे कोणी ठरवीत नाही. त्याच थेंबाचे जडावकाम करावयाचे तर लाकडात त्याच्या वेड्यावाकड्या कडेबरहुकूम खाच कोरावी लागते, आणि त्या खाचेत नेमके बसेल असे द्रव्य घडवावे लागते. अपघाताचे असे सावकाश आणि हेतुपूर्वक पुनर्निर्माण हा या शिल्पांचा खरा विषय आहे.

या अनुभवाचे स्वरूप नेमके कोणते, हे ठरविण्यास भारतीय काव्यशास्त्रातील एक दृष्टांत उपयोगी पडतो. अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त ज्याचे मत मांडले आहे, त्या शंकुकाने नाट्यप्रतीतीसाठी चित्रतुरगाचा न्याय सांगितला. चित्रातील घोड्याला आपण घोडा म्हणतो. परंतु ते ज्ञान सम्यक् नसते, मिथ्या नसते, संशयरूप नसते आणि केवळ सादृश्याचेही नसते. कॉलिस यांची शिडी या न्यायात बसत नाही. ती शिडीचे चित्र नव्हे, शिडीच आहे. येथे तुरग खरा आहे; खोटे आहेत ते त्याच्या अंगावरचे चिखलाचे शिंतोडे. शिवाय येथील ज्ञान एकाच क्षणी विलक्षण नसते, ते क्रमाने बदलते. प्रथम निःशंक मिथ्याज्ञान होते आणि नंतर सम्यक् ज्ञान. या दोहोंमधील अंतरात प्रेक्षकास स्वतःच्या दुर्लक्षाचा शोध लागतो. कोणी तरी काम अर्धवट टाकून गेले असावे, असे मनाशी म्हणून तो पुढे निघालेला असतो.

मात्र येथेच एक अडचण उद्भवते. प्रेक्षक मागे वळतो तो बहुधा कृतीच्या शेजारील द्रव्यांची यादी वाचून. ‘हिरा’ हा शब्द वाचताच डाग पाहण्याजोगा ठरत असेल, तर त्याची दृष्टी सुधारली असे म्हणता येईल काय? ज्या मूल्यव्यवस्थेला धक्का द्यावयाचा तिचीच ही पुष्टी होय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये २००७-०८ साली भरलेल्या ‘आउट ऑफ द ऑर्डिनरी’ या प्रदर्शनात कॉलिस यांच्याबरोबर जपानी शिल्पकार योशिहिरो सुदा यांच्या कृती होत्या. सुदा लाकडातून फुले आणि रानगवत कोरतात, ते रंगवितात आणि भिंतीच्या कोपऱ्यात, फटीत, नजर न जाईल अशा जागी ठेवतात. तेथेही पहिली नजर फसते. परंतु दुसऱ्या नजरेला लाकूड, रंग आणि हाताचे कसब यांखेरीज काहीच लाभत नाही. या तुलनेत रत्नांचा आधार घेणारी युक्ती काहीशी परावलंबी वाटते.

कॉलिस यांच्याच एका कृतीत या आक्षेपाचे उत्तर सापडते. ‘हंड्रेड पर्सेंट कॉटन’ मध्ये कामगाराच्या बॉयलर सूटवरील रंगाचे डाग भरतकामाने साधले आहेत. येथे रत्न नाही, केवळ धागा आहे. भिंत रंगविणाऱ्याचे श्रम आणि घरात बसून टाका घालणाऱ्या हाताचे श्रम एकाच कापडावर भेटतात. दोन्ही श्रम अल्पमोल मानले गेलेले आहेत. द्रव्याची किंमत मध्ये येत नसल्याने प्रेक्षकाला मोजावयाला वेळ आणि टाके एवढेच उरतात. म्हणून रत्नजडित कृतींहून ही कृती अधिक निर्दोष ठरते.

तथापि रत्नांच्या कृतीही केवळ चमत्कृती म्हणून बाजूस सारता येत नाहीत. जडावकामाची परंपरा कसबाच्या प्रदर्शनाची आहे. कोंदण रत्नाला उठाव देते. कॉलिस यांचे कोंदण रत्नाला लपविते. खडा किंचित वर राहिला, कड चुकली, तर तो लगेच डोळ्यांत भरेल. अचूक बसला तर दिसणारच नाही. झाडलोट करणाऱ्याच्या कामाचा नियम हाच आहे : काम झाले की ते दिसत नाही, राहिले तरच दिसते. जडावकाम आणि झाडू यांचे खरे नाते या समान नियमात आहे. हिऱ्याने झाडूची प्रतिष्ठा वाढते, असा या कृतीचा अर्थ लावणे वरवरचे होईल. उत्तम रीतीने केलेले काम आपल्या नजरेतून निसटते, याची जाणीव झाडू हिऱ्याच्या द्वारा करून देतो. आणि ती जाणीव हिऱ्यापाशी न थांबता झाडूपर्यंत पोहोचली, तरच आभास सार्थकी लागला असे म्हणावे लागेल.