सटल की सटकलं?

हल्ली नाटक सुटल्यावर कोपरीकडे येणाऱ्या पुलावर एक शब्द हमखास कानांवर पडतो : ‘सटल’. “काय सटल अभिनय होता हो!” म्हणजे संवाद पाचव्या रांगेपर्यंत पोचायच्या आतच सटकले. इंग्रजीत या शब्दातला ‘बी’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. काही नटांनी अख्खं वाक्यच त्या ‘बी’च्या पंगतीला बसवलंय, इतकंच.

या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये, आणि तिथे ते विणकामातलं मानतात. अर्थ : बारीक विणीचं. आपलं ‘तलम’च म्हणा ना! पण तलम म्हणजे सूत बारीक. सूतच नाही, असं नव्हे. मराठीला ही कला काही परकी नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ घ्या, नाहीतर शालजोडीतला घ्या. शाल मऊ, पण लागायचं तिथे बरोबर लागतं.

गडकऱ्यांच्या भाषेला कुणी सटल म्हणणार नाही. पण 1919 साली रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या ‘एकच प्याला’चं नुसतं नाव पाहा. त्या ‘एकच’मध्ये सुधाकराचा सगळा सर्वनाश दडलाय, आणि तो शेवटच्या रांगेलाही कळतो. सटल म्हणायचं ते याला! मारणाऱ्याचा हात दिसू नये. पण लागलं तर पाहिजे?